दक्षिणेकडं तोंड

"झालं का तुमचं बोलून? मग सरका बाजूला, ऊन अडतंय."

समोर कुणी का असेना, आक्कांचं बोलणं असंच संपायचं. मीटर बघायला आलेला वायरमन असो, मतं मागायला आलेला पुढारी असो, नाहीतर घरचा सख्खा दीर. माशी वारावी तसा हात हलवायच्या आणि समोरचा माणूस मुकाट सरकायचा. मी तर किती वेळा सरकलेय. सरकून मागं बघितलं की कळायचं, आपण खरोखरच त्यांच्या उन्हात उभ्या होतो.

त्यांचं नाव सांगत नाही. विचारलं असतं तर म्हणाल्या असत्या, "नाव रेशनकार्डावर हाय, तिथं वाच." अख्खी गल्ली आक्का म्हणायची, म्हणून मीही. मी त्यांची भाडेकरीण. माहेर-सासर दोन्ही बार्शीकडचं. नवऱ्याला चाकणच्या कंपनीत काम लागलं तेव्हा एक ट्रंक आणि पोरं घेऊन इथं आले, ती इथलीच झाले. कंपनीतल्या पोरांना डबे करून देते. आक्कांनी मला कधी नावानं हाक मारली नाही. "ए बार्शीवाले!" अशी आरोळी यायची, आणि हाताला पीठ तसंच ठेवून मी पळायचे.

आमचं गाव तुम्ही पाहिलं असणार, फक्त पाहिलं असं तुम्हाला वाटलं नसेल. चाकणच्या रस्त्यानं जाताना दोन्ही अंगांनी कंपन्यांच्या भिंती, कंटेनरच्या रांगा, आणि मधेच एक सिमेंटची कमान येते नि जाते. त्या कमानीच्या आत गाव आहे. शेतं कंपन्यांत गेली. उरल्या जागेवर लोकांनी भाड्याच्या खोल्या काढल्या, कारण कामाला आलेल्या माणसांनी कुठंतरी पाठ टेकायला हवीच. आक्कांच्या घरीही तेच झालं. नवरा भोसरीच्या फौंड्रीत होता, तो गेला. मूलबाळ नाही. कारभार सगळा धाकट्या दिराकडं. त्यांना गाव नाना म्हणतं. नानांनी पुढं खोल्या बांधल्या, बाजूला बांधल्या, आणि मग त्यांची नजर मागच्या जागेवर गेली. तिथं जुना गोठा होता. दगडी भिंती, वर पत्रा. बैल गेल्यावर आक्कांनी त्यात कोंबड्या ठेवल्या होत्या.

कोंबड्या म्हणजे हौसेच्या नव्हेत. गावरान. आक्कांना चहापत्तीसाठीसुद्धा दिरापुढं हात पसरावा लागत नव्हता, तो या कोंबड्यांमुळं. पुढची सगळी भांडणं त्याच्यापायी, म्हणून आधीच सांगून ठेवते. नाना वाईट नव्हते. "वहिनी, तुमाला काय कमी हाय? दोन घास आमच्यात खावा की," असं म्हणायचे. आक्का म्हणायच्या, "खाईन की. पर घास माझा असंल."

चैत्रात आमच्याकडं गावोगाव जत्रा. जत्रेला गावरान कोंबडा लागतोच. चैत्रात कोंबडा तयार हवा तर पिल्लं थंडीच्या तोंडाशी आणावी लागतात. एवढी पिल्लं एका कोंबडीच्या पंखाखाली मावत नाहीत, म्हणून आक्का यंत्रात उबवलेली आणायच्या. बिनआईची. त्यांना उबेला बल्ब लावायचा.

आणि आता आमचा गुरुवार. तुमच्याकडं गुरुवार दत्ताचा असेल, आमच्याकडं तो लाईट जायचा वार. तारांची कामं त्याच दिवशी काढतात. सकाळी गेलेली संध्याकाळी आली तर आली. बल्ब विझला की पिल्लं कोपऱ्यात गोळा होतात, एकमेकांवर चढतात, आणि खालची गुदमरतात. गारठ्यानं मरत नाहीत हो ती. ऊब शोधता शोधता एकमेकांखाली मरतात.

एका गुरुवारी आक्कांनी निखाऱ्यांची शेगडी आत ठेवली. खालच्या भुश्शानं धग धरली. जाळ झाला नाही, पण धूर असा कोंडला की शेजारच्या खोल्यांत रात्रपाळी करून झोपलेली पोरं लुंग्या सावरत, खोकत बाहेर आली. नाना धावत आले. बादलीभर पाणी त्यांनीच ओतलं. मग कंबरेवर हात ठेवून म्हणाले, "वहिनी, उद्या माणसं जळाली तर जेलात मी जाईन. आजपासून गोठ्यात विस्तू न्हाई. पुढची एक थंडी बघतो. पिल्लं जगली, तर गोठा तुमचा, मी परत तोंड उघडणार न्हाई. मेली, तर होळी झाली की पाडतो आन खोल्या काढतो."

"समद्यांसमोर बोलतूयास?"

"समद्यांसमोर."

"मग समद्यांनी ऐका," आक्का म्हणाल्या. धुरानं डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते त्यांनी पुसलंही नाही. "विस्तवाबिगर आन लायटीबिगर जगवीन."

"ती कशी?" पोरांतला एकजण हसत बोलला.

आक्कांनी बोट वर केलं. "त्यो हाय की पेटलेला. त्याचं बिल बी येत न्हाई."

बोलून तर गेल्या. पण उन्हाची ऊब गोठ्यात कशी न्यायची? उन्हाला काही पाय नसतात. ते वर्ष त्यांनी विचारात काढलं. आता तुम्हाला वाटेल, कुणीतरी शिकवलं असेल. शिकवलं, पण कोंबड्यांनी. आमच्या मोरीपाशी पाण्याची काळी टाकी आहे. थंडीत ऊन वर आलं की कोंबड्या त्या टाकीला पाठ लावून बसायच्या, म्हाताऱ्या माणसांसारख्या डोळे मिटून. शेजारीच चुना दिलेली पांढरी भिंत, तिच्यावरही तेच ऊन. तिकडं एकही जायची नाही.

"बार्शीवाले, टाकीला हात लाव. आता भितीला लाव. कळलं?"

मला कळलं नव्हतं, पण मी मान हलवली.

माझी सून एका कंपनीत माल तपासायला आहे. तिच्या मोबाइलवर तिनं शोधून काढलं, कुठल्याशा परदेशी माणसानं आपल्या कोंबड्यांच्या घराला उन्हाचा बंब केलेला. तो माणूस बोलतोय, बोलतोय, थांबायचं नाव नाही. आक्का म्हणाल्या, "त्याचा आवाज बंद कर गं. मला नुस्तं हात दाव त्याचं." मग आवाज बंद करून तो व्हिडिओ त्यांनी इतक्या वेळा पाहिला, की माझी आमटी दोनदा करपली.

करायचं होतं ते असं. एक उथळ लाकडी पेटी. आत काळा केलेला पत्रा. वरून काच. पेटी गोठ्याच्या भिंतीला बाहेरून चिकटवायची, आणि भिंतीला पेटीच्या तळाशी एक भोक, माथ्याशी एक भोक. गोठ्यातली गार हवा खालच्या भोकातून पेटीत शिरणार, तापून वर चढणार, वरच्या भोकातून परत गोठ्यात. पंखा नाही, मोटर नाही.

आमच्या पट्ट्यात सगळं पॅकिंगच्या लाकडाचं असतं. कंपनीत परदेशातून मशीन येतं, ते ज्या भल्यामोठ्या खोक्यात येतं त्याची फळकुटं भंगारात जातात, आणि तिथून आमच्या घरात. पलंग त्याचा, मांडणी त्याची, देव्हारासुद्धा त्याचाच. आक्कांनी आणलेल्या फळकुटांवर एक बाण छापलेला होता आणि एक उंच दांड्याचा पेला.

"ह्यो बाण कशाला?" त्यांनी माझ्या नवऱ्याला विचारलं. तो तेव्हा पेटीला खिळे ठोकत होता.

"ही बाजू वर ठेवायची."

"आन पेला?"

"आतला माल फुटणारा आहे, जपून."

"मग बराबर हाय. आत अंडी हायेत."

काच मिळाली ती बंद पडलेल्या सलूनच्या दाराची. कोपऱ्यात लाल अक्षरांत 'दाढी' तेवढं उरलेलं. मी ब्लेडनं खरडायला बसले, तर म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे. दाढीनं काय ऊन अडत न्हाई." पत्र्याला चुलीची काजळी आणि उरलासुरला ऑइलपेंट कालवून फासला. तो फासताना आक्का इतक्या काळ्या झाल्या, की नानांची बायको, म्हणजे आक्कांची जाऊ, पदर तोंडाला लावून हसत राहिली.

पेटी बसवली पूर्वेच्या भिंतीला. का, ते विचारू नका. कुणी विचारलंच नाही. दार पूर्वेला, तुळस पूर्वेला, देव पूर्वेला, सूर्य उगवतो पूर्वेला, मग त्याची पेटी दुसरीकडं कुठं ठेवणार?

पहिला गुरुवार. लाईट गेली. ऊन कोवळं असतानाच पेटीतून गरम हवा यायला लागली. पिल्लं आपली गोठाभर चिवचिवत फिरतायत. आक्कांनी गल्लीत गूळ-शेंगदाणे वाटले. नानांच्या घरी मुद्दाम मूठभर जास्त.

दुपारी सूर्य छपरावरून सरकला आणि पेटी सावलीत गेली. काचेला हात लावला तर गार. ऊन ढळलं तसं वारं सुटलं, आणि लाईट आली नाही. आक्का, मी, माझी सून, तिघी पोतीबिती टाकत राहिलो, कोपऱ्यातला ढीग हातांनी मोडत राहिलो. एका बाजूचा मोडला की दुसऱ्या बाजूला व्हायचा. पिल्लं काही माझी नव्हेत, पण त्या दिवशी हाताला लागलेली ती लिबलिबीत थंड अंगं मी विसरले नाही.

शुक्रवारी सकाळी नाना आले. टोपलीत मेलेली पिल्लं होती, ती त्यांनी पाहिली. हसले नाहीत. तेवढा मान त्यांना दिला पाहिजे. "वहिनी, एक गुरुवार गेला," एवढंच म्हणाले.

"थंडी संपली का?"

"न्हाई."

"मग सरक बाजूला."

त्या दिवशी आक्का अंगणात पाट टाकून बसल्या आणि दिवसभर कोंबड्यांकडं बघत राहिल्या. मी भाकरी नेऊन दिली, ती तशीच राहिली. सकाळी कोंबड्या पूर्वेला होत्या. मग टाकीपाशी. मग एकेक करत गोठ्याच्या पलीकडं गेल्या आणि दक्षिणेच्या भिंतीला लागून बसल्या. दुपार तिथंच. ऊन कलेपर्यंत तिथंच. थंडीत सूर्य डोक्यावरून जात नाही हो, दक्षिणेच्या अंगानं खालून खालून जातो. सगळ्यांना दिसतं ते. पण दिसणं वेगळं.

आक्का उठल्या. म्हणाल्या, "कोंबड्यांना कुणी सांगितलंच न्हाई की हिकडं यम ऱ्हातो."

तुम्हाला सांगायला नको. दक्षिणेला तोंड करून आपण कुठली चांगली गोष्ट करतो? दार काढत नाही, चूल मांडत नाही, त्या बाजूला पाय करून झोपत नाही. दक्षिणेकडं तोंड करायचं ते पितरांना पाणी देताना. तेव्हा पेटी पूर्वेला बसवली ही आमची चूकसुद्धा नव्हती, ती रीत होती. आणि आता आक्का छिन्नी-हातोडा घेऊन दक्षिणेच्या भिंतीपाशी बसल्या.

पहिला ठोका ऐकून जाऊ धावत आली. तिच्यामागं गल्लीतल्या दोघी-तिघी. "अवं आक्का, दक्षिणेला भोक? घरात लेकरंबाळं हायेत! येमाला वाट दावताय का?"

"आक्का, जरा विचार करा," मीही म्हणाले. मला खोटं बोलता येत नाही, मीही घाबरले होते.

आक्कांनी हातोडा खाली ठेवला. बसल्या जागेवरून वर बघितलं आमच्याकडं. "माझ्या घराचं दार कुठं हाय?"

"पूर्वेला," जाऊ म्हणाली.

"चूल?"

"पूर्वेलाच की."

"खाट कशी हुती ह्यांची? पाय कुठं हुतं?"

"उत्तरेला," जाऊ म्हणाली.

"समदं रीतीनं केलं म्या. तरी आला का न्हाई त्यो? त्याला दिशा लागत न्हाई बायांनो. त्याला पत्ता ठावा असतू." मग हातोडा परत उचलला. "आता यीऊ दे समोरनं. बघू दे माझी पिल्लं. आन काय गं, हळदीकुंकवाला मला तशी बी कोण बोलवतंय? आता येमाच्या नावानं बोलवू नगा, तेवढाच फरक. सरका. ऊन अडतंय."

जाऊ रडत गेली. आठवडाभर तिच्याकडून आक्कांकडं ताकाचा तांब्या आला नाही. तिच्या नातवंडांना मागच्या अंगणात यायची बंदी झाली. आक्का ठोकत राहिल्या. दगडी भिंत ती, बोटभर फुटायची तर बोटांची सालं निघायची. पेटी दक्षिणेला बसली, आणि पहिल्याच दुपारी वरच्या भोकापाशी हात धरवेना.

पण तुम्ही म्हणता तेवढं सोपं असतं तर काय. दिवसा गोठा उबदार, आणि पहाटे आधीपेक्षा जास्त गार. आक्का चक्रावल्या. उजाडता उजाडता त्यांनी वरच्या भोकापाशी उदबत्ती धरली. धूर आत यायच्या ऐवजी पेटीत ओढला जात होता. "हात् तुझ्या! दिसा आणतंय ते रातच्याला परत न्हेतंय. आपल्या पुढाऱ्यावानी."

म्हणजे भोकाला पडदा हवा. असा, की पेटीतून गरम हवेनं फुंकर मारली तर उघडावा आणि हवा उलटी फिरली की आपोआप मिटावा. रेक्झिन लावून पाहिलं, जड झालं. पिशवीचं प्लास्टिक लावलं, ते धगीनं आखडलं. तिसऱ्या दिवशी आक्का घरातून एक मोठं पिवळं पाकीट घेऊन आल्या. पिंपरीच्या दवाखान्यातलं, नवऱ्याच्या वेळचं. आत छातीचा फोटो. काळी फिल्म, त्यात फासळ्या पांढऱ्या.

"हलकी बी हाय, ताठ बी हाय," आक्का म्हणाल्या.

फिल्म मोठी होती, भोक लहान. मी कात्री आणून दिली. आक्कांनी फिल्म उन्हाला धरली, कात्री लावली, आणि थांबल्या. मग कात्री माझ्याकडं परत दिली.

"भोक मोठं करू," म्हणाल्या. "ह्यांना कापायला नगं."

आणि परत छिन्नी घेतली. अख्खी फिल्म जेमतेम झाकेल एवढं भोक झालं, तेव्हा ती आतून वरच्या कडेला टांगली. सकाळी ऊन पेटीवर आलं. आम्ही दोघी गोठ्यात अंधारात उभ्या होतो. फिल्म जरा हलली. मग पुढं आली, मागं गेली, परत पुढं आली. ऊब आमच्या तोंडावर येत होती. फौंड्रीतल्या त्या माणसाला शेवटी शेवटी दोन पायऱ्या चढता येत नव्हत्या, हे मी पाहिलेलं आहे.

"बघ बार्शीवाले," आक्का हळू म्हणाल्या, "आता दम लागत न्हाई."

मी पदरानं फिल्मवरची धूळ टिपली.

आतल्या भिंतीला त्यांनी पाण्यानं भरलेले ऑइलचे डबे काळे करून रचले, दिवसाची ऊब धरून ठेवायला. मेलेल्या पिल्लांच्या जागी नवी आणली. मग पौषातला तो गुरुवार आला. मोठा गारठा होता. रस्त्यावरचे कंटेनरवाले टायरं पेटवून शेकत होते. लाईट पहाटेच गेलेली. नाना कानटोपी घालून आले, मागं त्यांची बायको, सुट्टीवरची पोरं, सगळी गल्ली. आक्का उंबऱ्यात तांदूळ निवडत बसलेल्या. उठल्या नाहीत. "जा की. बघ," म्हणाल्या.

नानांनी दाराचं पोतं बाजूला केलं. आत वाकले. आणि तसेच मागं आले. तोंड उतरलेलं.

"वहिनी," ते म्हणाले, "मेली ओ. समदीच्या समदी."

मी धावत जाऊन डोकावले. खरंच, गोठाभर पिल्लं पडलेली. माना लांब, पाय ताणलेले, पंख एकीकडं. कुठं हालचाल नाही. जावेनं तोंडावर हात घेतला. "दक्षिण," ती पुटपुटली.

आक्का सूप खाली ठेवून उठल्या. पोतं बाजूला केलं, आत पाहिलं, आणि दोन्ही हातांनी फाडकन एक टाळी वाजवली. सगळा गोठा चिव चिव करत उठला. जिकडं तिकडं पिवळी धावाधाव. एक पिल्लू तर नानांच्या चपलेवर येऊन उभं राहिलं.

"सुखानं झोपल्याली पिल्लं बघितली न्हाईस का कधी?" आक्का म्हणाल्या. "गारठल्याली ढिगात बसत्यात. उबल्याली पसरत्यात. तू बी लहानपणी असाच पसरायचास."

पोरं इतकी हसली की नानांनाही हसावं लागलं. त्यांनी आत हात घालून ऊब पाहिली, त्या हलत्या फिल्मकडं पाहिलं. ती कशाची आहे ते त्यांच्या लक्षात आलं असावं. मोठा भाऊच तो त्यांचा. कानटोपी काढून हातात घेतली आणि गेले.

शब्दाचे पक्के निघाले नाना. गोठ्याला हात लावला नाही. पण होळी झाल्यावर गोठ्यासमोरच्या मोकळ्या जागेत, बरोबर दक्षिणेला, पाया खणायला माणसं आली. "गोठा तुमचा," नाना म्हणाले. "म्होरची जागा माझी. खाली खोल्या, वर खोल्या."

"वरच्या खोल्यांची सावली पडंल पेटीवर."

नानांनी गवंड्याला उभं केलं. भर दुपार होती. "कुठं हाय सावली? दावा बरं." खरंच, गवंड्याची सावली त्याच्या पायांतच होती.

"चैतातली सावली मला दावू नगं," आक्का म्हणाल्या. "पौषातली दाव."

"आता पौष आणू कुठनं वहिनी?"

"मग थांब पौषापतुर."

आणि विटांच्या ढिगावर जाऊन बसल्या. नाना चिडले, त्यांचा आवाज चढला, आजवर काढली नव्हती ती सगळी उणीदुणी निघाली. आक्का ऐकून घेत होत्या. शेवटी म्हणाल्या, "मी लग्न करून आले तवा तू रांगत हुतास. सासूबाई आजारी. तुला तेल चोळून ह्याच जागंत उन्हाला निजवायची मी. तवा कुणी मधी येऊन उभं ऱ्हायलं असतं, तर म्या त्याला काय केलं असतं, सांग बरं?"

नानांनी गवंड्याकडं पाहिलं. गवंडी दुसरीकडं पाहत होता.

खालच्या खोल्या तेवढ्या झाल्या. वरचं काम थांबलं ते थेट पौषापर्यंत. पौषात नानांनी स्वतः वर चढून बांबू उभे केले आणि ताडपत्री ताणली, वरच्या खोल्यांच्या उंचीची. दुपारी तिची सावली सरळ काचेवर आली, 'दाढी'सकट. आक्का खाली उभ्या होत्या. नानांनी ताडपत्री मागं घेतली. परत बघितलं. अजून मागं. सावली काचेवरून उतरली तिथं त्यांनी स्लॅबवर विटेनं रेघ मारली. वरचं बांधकाम त्या रेघेपर्यंतच झालं. आमच्या गल्लीत आलात तर दिसेल तुम्हाला ती इमारत, वरचा एक कोपरा कुणी चावून नेल्यासारखी.

आक्का गेल्या त्या पुढच्या पावसाळ्याच्या शेवटी. फार आजारल्या नाहीत. कुणाला उचलायला, पुसायला लागू दिलं नाही. तेही त्यांच्या मनासारखंच झालं म्हणायचं.

दिवाळी झाली. आता पिल्लं काही यायची नाहीत, असं मी धरून चालले होते. एका सकाळी पाहते तर जाऊ खोकं काखेत घेऊन मागच्या अंगणात चाललेली. खोक्यातून चिवचिव. तिनं माझ्याकडं पाहिलं, मी तिच्याकडं. नातवंडं तिच्या मागून पळत होती, आणि ती त्यांना ओरडली, पण ते चप्पल घाला म्हणून.

पौष लागला तेव्हा नवा कंत्राटदार आला, बाहेरच्या गावचा. नाना अंगणात खुर्चीवर बसलेले. मी ओट्यावर डबे भरत होते. त्यानं इमारतीकडं मान वर करून पाहिलं आणि म्हणाला, "नाना, एवढा कोपरा का सोडलाय राव? भिंती चढवून स्लॅब टाकून घेऊ. आरामात दोन खोल्या निघतील."

नाना वर बघत राहिले. त्या रिकाम्या कोपऱ्यातून ऊन येऊन पेटीवर पडलं होतं, काच डोळ्यांना झोंबत होती.

"वहिनीला इचारावं लागंल," ते म्हणाले.

"मग विचारा की. घरात आहेत का?"

नाना उठले आणि गोठ्याचं पोतं बाजूला करून आत गेले. बराच वेळ बाहेर आले नाहीत. कंत्राटदार ताटकळला. माझ्याकडं वळून म्हणाला, "मावशी, त्यांच्या वहिनी ऐकतील का हो?"

मी डब्याचं झाकण दाबून बसवलं.

"नाही," म्हणाले. "त्या नाही ऐकायच्या."